नानांनी बरोबर वाचलं होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पत्त्यांचं एवढं काय घेऊन बसलात? – आणि मला ते पटलं असतं. म्हणूनच सांगितलं नसेल कदाचित.

मी मूळचा धुळ्याचा, देवपूरचा. विम्याच्या ऑफिसात बदली होऊन जळगावला आलो तेव्हा एकटाच होतो. ओळखीचं कोणी नव्हतं. रविवार फार मोठा वाटायचा. मेहरूणला एका क्लासच्या खोलीत काही जण दर रविवारी जमतात असं कळलं – चित्रांच्या पत्त्यांचा खेळ, ज्याचे पत्ते विकत घेऊन साठवायचे आणि आपला गठ्ठा आपणच जुळवायचा. प्रत्येक पत्त्यावर दोन-तीन ओळी इंग्रजीत लिहिलेल्या असतात, तो पत्ता काय करतो ते सांगणाऱ्या. खरा खेळ त्या ओळींचाच. शब्द दोन्हीकडे ओढता येतात, वाद होतात, आणि मग कोणीतरी लागतो निकाल द्यायला. तो मी झालो. नियमांचं पुस्तक मी पाठच केलं होतं. मी बोललो की आठ-नऊ माणसं गप्प बसायची. ऑफिसात माझं कोण ऐकत होतं?

नाना वरणगावहून यायचे. कारखान्यात फिटर होते, रिटायर झालेले. मुलगा परदेशी जाताना पत्त्यांचा डबा घरी ठेवून गेला, तो उघडून ते एकटेच शिकले. त्यांच्या घरात वाचायला शिकलेले ते पहिले. वडील आयुष्यभर अंगठा लावत आले होते. नाना ओळीखाली बोट धरून, घाई न करता वाचायचे, आणि वाचलेलं एका वहीत मराठीत उतरवून ठेवायचे.

एका रविवारी आमचाच डाव होता, नानांचा आणि माझा. त्यांच्या पत्त्यावर लिहिलेलं होतं – हे पात्र मैदानातून गेलं की एक पत्ता उचला. मी माझा एक पत्ता टाकून ते पात्र मैदानातून त्यांच्या हातातल्या पत्त्यांत परत पाठवलं. नानांनी पत्ता उचलायला हात पुढे केला. मी म्हणालो, थांबा. गेलं म्हणजे मेलं. हातात परत आलं ते गेलं नाही.

नाना म्हणाले, "मेलं असं म्हणायचं असतं तर तसंच छापलं असतं ना भाऊ. दुसऱ्या पत्त्यावर मेलं असं लिहेल हाये. इथं गेलं लिहेल हाये. कुठं गेलं, ते कुठं विचारलंय?"

कोणीतरी हसलं. नानांना नाही, मला. मी निकाल माझ्याच बाजूने दिला आणि वर म्हणालो, पत्ते काढणाऱ्या कंपनीला मेल करून विचारतो. डाव मी जिंकलो.

उत्तर बुधवारी आलं. चार ओळींचं. नानांचं बरोबर होतं. त्यांनी जे कारण दिलं होतं, जवळजवळ तेच कारण कंपनीनं दिलं होतं.

रविवारपर्यंत मी काय करत होतो? सांगायचं ठरवत होतो – खरंच ठरवत होतो. पण खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या नानांनीच विचारलं, "आलं का उत्तर?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आलं. मी म्हणत होतो तेच."

मेल दाखव, असं कोणी म्हणालं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

नानांनी वही काढली. स्वतःची ओळ खोडली, खाली माझी लिहिली. मग म्हणाले, "माफ करा भाऊ. उगाच वाद घातला तुमच्याशी." त्यांनी माझी माफी मागितली – आणि मी ती घेतली.

त्यानंतर ते प्रत्येक पत्त्याला विचारू लागले. याचा अर्थ काय धरायचा? वर्षभर खेळलेल्या पत्त्यांचाही. समोरचे कंटाळायचे, कोणी त्यांच्याशी बसेना. मग ते यायचेच बंद झाले. मी फोन केला – काय म्हणून केला, कोण जाणे. ते म्हणाले, "मोठ्या भावाचं असंच सुरू झालतं. आधी वाचेल उलटं कळायचं, मग माणसं वळखू येईनात. डॉक्टर म्हणतो काही नाही. पण मले माहीत हाये ना."

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, तब्येत सांभाळा, नाना.

पुढे गटही विस्कटला. कोणी पुण्याला गेलं, कोणाचं लग्न झालं, क्लासची खोली बंद झाली. माझंही लग्न झालं. नानांबद्दल कोणी विचारलं तर मी म्हणायचो, वय झालं त्यांचं.

मागच्या हिवाळ्यात कामासाठी मुक्ताईनगरला जाताना भुसावळच्या स्टँडवर ते दिसले. बस समोर उभी होती, पाटी मराठीत, अक्षरं हातभर. नाना शेजारच्या बाईंना विचारत होते, अक्का, कुठली गाडी हाये ही? चष्मा डोळ्यांवर होता. त्या बाईंनी सांगितलं, तरी त्यांनी आणखी एकाला विचारलं.

मला मात्र त्यांनी लगेच ओळखलं. माझ्या ऑफिसचं नाव, माझं देवपूर, सगळं त्यांच्या लक्षात होतं. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. पत्ते कोणाला तरी देऊन टाकले म्हणाले. पेपर बंद केला, वाचेल काही खरं वाटत नाही म्हणाले. मुलाच्या चिठ्ठ्या-कागद शेजारचा मुलगा वाचून देतो. तुमचे पत्ते चालू आहेत ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तेही खोटंच.

बस अर्धा तास तरी चालली असेल. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. ते मेल तेव्हाही माझ्या फोनमध्ये होतं, आजही आहे. मी ते काढून दाखवलं नाही.

वरणगाव आलं. जन्म ज्या गावात गेला, त्याच्या स्टँडकडे नानांनी खिडकीतून बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "हेच ना, भाऊ?"

मी म्हणालो, हो नाना, हेच.

ते उतरले. मी बसून राहिलो.