वाटीतला फेस

मुलाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात संत्री सोलत होतो. त्या संध्याकाळी नीलाला, माझ्या बायकोला, दवाखान्यातून घरी सोडणार होते. "बाबा, आई गेली..." एवढंच तो म्हणाला. हातातली फोड तशीच धरून मी उभा राहिलो. महिना होऊन गेला, तरी बोटांचा तो वास गेलेला नाही असं वाटतं.

वैजापूरहून नीला लग्न होऊन आली ती संत्र्या-दुधाचं एक पेय शिकूनच. गार दूध, साखर, बर्फाचा चुरा. लाकडी रवीनं फेस येईस्तोवर घुसळायचं आणि संत्र्याचा रस अगदी शेवटी. पहिल्या दिवशी माझ्या आईनं कपाळावर हात मारला, "दुधात आंबट? नासवलं की पोरीनं!" आणि पेला मात्र सगळ्यांआधी तिनंच रिकामा केला. पुढं नीला शहागंजच्या बाजारातून पिशवीभर संत्री आणायची आणि आल्यागेल्याला पेल्यासोबत व्याख्यानही पाजायची. "सी जीवनसत्त्व हाय ह्यात, दुधाचं कॅल्शियम हाय. लई ताकद येती." मी म्हणायचो, "मूठभर साखर घातलीस, तेही सांग की!" माझ्या बोलण्याला तिनं कधी भीक घातली नाही.

मग तिच्या किडन्या थकल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी संत्रं बंद केलं, कारण त्यातलं पोटॅशियम आता तिच्या शरीराला बाहेर टाकता येत नव्हतं. दूधही मोजकंच. जन्मभर जे दुसऱ्यांना ताकदीचं म्हणून पाजलं, तेच तिला बाधणार होतं. मला फार राग आला, कुणाचा ते कळेना. तिनं मात्र बाईंना विचारलं, "अन् वरचा फेस? त्याच्यात काय ऱ्हातंय, निस्ती हवा!" बाईंना हसू आलं. "कधीतरी, चमचाभर," म्हणाल्या.

तेव्हापासून घुसळायचं काम माझ्याकडं आलं. भेटायला येणाऱ्यांना पेला, हिला स्टीलच्या वाटीत चमचाभर फेस. "अहो, हात चालवा की जरा," पलंगावरून हुकूम यायचा. फेस चाखून झाला की तळाशी उतरलेला केशरी रस ती माझ्याकडं सरकवायची. "हे तुम्ही प्या. मला उठवायला-बसवायला ताकद नको व्हय तुम्हाला?"

अजूनही संध्याकाळी मी रवी हातात घेतो. तिच्या वाटीत फेस काढून पलंगाशी बसतो. तो हळूहळू विरतो, तळाशी तो रस उरतो, आणि मी तो पितो... नीला, आता या ताकदीचं मी काय करू?