दाणाभर खाली

कोणतंही चित्र टांगायच्या आधी आबा भिंतीवर तळहात ठेवायचे. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, जरा वेळ. मग म्हणायचे, "चला, वाळली." पावसाळाभर ओल धरून बसलेली भिंत त्यांच्या हाताला पटल्याशिवाय आमच्या हॉलमधलं एकही प्रदर्शन सुरू झालं नाही.

हा हॉल तळेगावात, तळ्याजवळच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. तुमच्यापैकी काहीजण तिथे येऊनही गेले असाल. दसऱ्याच्या सुमारास मावळातला पाऊस हात आवरता घेतो, आणि दिवाळी उलटून जाईपर्यंत तिथे दर आठवड्याला नवी चित्रं लागतात. पुण्याचे, लोणावळ्याचे चित्रकार गाडीच्या मागच्या सीटवर, जुन्या चादरींत गुंडाळून चित्रं आणतात. मी चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहायचे आणि अभिप्रायाच्या वहीशेजारी बसायचे. फार बोलावं लागणार नाही असं काम मी शोधत होते. ते मला मिळालं होतं.

आबा टाकवे बुद्रुकचे. घरची भातशेती. रोपं रांगेत लावायला शेतात गाठी मारलेली दोरी ताणतात ना, तीच दोरी ते धुऊन, वाळवून हॉलमध्ये आणायचे. या टोकाचा खिळा, त्या टोकाचा खिळा, मध्ये दोरी, आणि गाठीगाठीला एक चित्र. हॉल सांभाळणाऱ्या बाईंनी एकदा त्यांना मोबाइलवरचं पातळी बघायचं लेव्हल दाखवलं. आबांनी ते आदराने बघितलं आणि परत दिलं. त्यांचं माप वेगळं होतं. "दाणाभर खाली घ्या," ते सांगायचे. दाणा म्हणजे भाताचा, आणि तोही इंद्रायणीचा. कोलम बारीक पडतो म्हणे.

चित्रांकडे ते बघतात की नाही, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा विचारलं.

"मी मधली जागा बघतो, ताई. रोप येतं ते मधल्या जागेमुळं."

चिठ्ठ्या मात्र ते मला वाचून दाखवायला लावायचे. एका आठवड्यात अठराच्या अठरा चित्रांखाली 'अनटायटल्ड' होतं. मी सांगितलं, म्हणजे नाव ठेवलेलं नाही.

"एकाचंबी न्हाई?"

"नाही."

"एवढी लेकरं झाली आन एकाचंबी बारसं न्हाई." ते बराच वेळ हळहळत राहिले. मग प्रत्येक चित्र पुसताना त्यांनी पुटपुटत त्याला काहीतरी नाव ठेवलं. काय ते सांगितलं नाही.

त्या दिवसांतल्या दुपारी आठवल्या की मला अजून गुंगी येते. खिडक्यांतून ऊन तिरकं आत यायचं, तळ्यावरचा उजेड छतावर हलत राहायचा, आणि कोणी आलं-गेलं तरी पावलांचा आवाज होत नसे. आबा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेले असत, मी वहीशेजारी. तासन्‌तास आम्ही एक शब्द बोलायचो नाही. इतकं छान न बोलणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

मी काम सुरू केल्याच्या तिसऱ्या वर्षी मला काही गोष्टी दिसायला लागल्या. आबा खिळा शोधताना हात आधी भिंतीवर फिरवायचे. एकदा चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले आणि त्यांनी तो टेबलाच्या बाजूला, हवेत ठेवला. फुटलेले तुकडे मी गोळा करत होते तेव्हा ते हळूच म्हणाले, "डावीकडनं धुकं येतंया. चार म्हैने झाले."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"आपल्याकडं धुकं काय नवं हाय व्हय," ते हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "बाईंना सांगू नका. तुमी फक्त मागं उभ्या ऱ्हावा, आन दोरी सरळ हाय का तेवढं सांगा. बाकी माझं हात करत्यात."

बाई काही वाईट नव्हत्या. पण पुण्यात चित्रं टांगून देणारी एजन्सी आहे, पुढच्या वर्षीपासून त्यांनाच बोलवावं, असं त्या अधूनमधून बोलायच्या. हे आबांच्याही कानावर होतं. त्यामुळे मी त्यांच्या मागे, समोरच्या भिंतीला टेकून उभी राहू लागले. "उजवं टोक वर," मी म्हणायचे. "अजून. थोडं खाली. झालं." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त मोठ्याने बोलणं त्याच आठवड्यांत झालं असेल. चार प्रदर्शनं अशी लागली. कोणाला पत्ता नाही.

पाचवं होतं एका वयस्कर चित्रकारांचं. सगळी चित्रं खंडाळ्याच्या घाटाची, धुक्यातली. ते स्वतः दारात उभे होते, आणि शेजारी बाई, हाताची घडी घालून. आबांनी दोरी ताणली आणि विचारलं, "सरळ हाय का?" नव्हती. तीनदा स्टुलावरून उतरले, तीनदा चढले. तिसऱ्यांदा चढताना त्यांनी पायाने स्टूल चाचपलं. बाईंनी घड्याळात बघितलं, मग आबांकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"आता?" आबांनी विचारलं.

खिडकीकडचं टोक तीन बोटं खाली होतं. चौथ्यांदा नाही म्हटलं असतं तर बाईंना सगळं कळलं असतं.

"हो," मी म्हणाले. "सरळ आहे."

पुढे झालं ते तुम्हाला खरं वाटणार नाही. कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. उलट लोक दारातून आत येत आणि नकळत, पाण्यासारखे, खिडकीच्या दिशेने वाहत जात. एका निवृत्त प्राध्यापकांनी वहीत लिहिलं, 'चित्रं बघताना घाट उतरत असल्याचा भास होतो.' चित्रकारांनी ते पान मोबाइलमध्ये टिपून घेतलं. बाईंनी मला पेढा दिला. आबांनाही दिला.

प्रदर्शन संपल्यावर आबा खिळे उपटत होते. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर एक लाकडी पट्टी आहे. त्या पट्टीपासून वीत मोजत मोजत ते खिळा शोधायचे. पहिला निघाला, दुसरा निघाला. पुढे पुढे त्यांची वीत खिळ्याच्या वर जायला लागली. ते थांबले. परत पहिल्या भोकापाशी आले, मोजलं, शेवटपर्यंत गेले. मी चिठ्ठ्या सोलत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"ताई, तुमाला दिसलं व्हतं न्हवं?"

"हो."

"मंग?"

बाई बघत होत्या, असं मला सांगायचं होतं. तुम्ही स्टूल चाचपत होता, असंही. पण मी पुढची चिठ्ठी सोलायला घेतली.

"लोकं फसली ते बरं झालं," आबा म्हणाले. "मी फसाया नगं व्हतो. माझ्याकडं तेवढाच एक डोळा चांगला व्हता, तुमचा."

रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी दोरी कोपरावर गुंडाळली आणि टाकव्याची गाडी सापडेल म्हणून निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात फोन आला, भात कापणीला आलाय, यायला जमणार नाही. नंतर फोनही आला नाही. आता तिथे एजन्सीची दोन माणसं येतात, भिंतीवर लेझरची लाल रेघ मारतात आणि अर्ध्या तासात काम संपवतात. रेघ अगदी सरळ असते.

मार्गशीर्षात मी स्कूटी घेऊन टाकव्याला गेले. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते. हायवे सोडला आणि सगळं विसरले. शेतं रिकामी झाली होती, पेंढ्याच्या गंजी उन्हात झोपल्यासारख्या दिसत होत्या. आबा ओट्यावर बसले होते. मी बोलेपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही.

"काचबिंदू म्हणले," त्यांनी सांगितलं. "गेलं ते गेलं, उरलंय तेवढं राखा म्हणले."

त्यांची सून चहा घेऊन आली. आबा उठून, भिंतीला हात लावत आत गेले, तशी ती घाईने माझ्या कानाशी म्हणाली, "आत्तीचा फोटो लावलाय त्यांनी. श्रावणात गेल्या ना. आमी कुणी काय बोललो न्हाई, तुमीबी नका बोलू. म्हातारं माणूस, कशाला जीव दुखवा." आबांची बायको गेल्याचं मला तेव्हाच कळलं.

"ताई, हिकडं या," आतून आबांची हाक आली. "आसं दारात उभ्या ऱ्हावा. हिचा फोटो सरळ हाय का?"

फोटोला ताजा झेंडूचा हार होता आणि तो एका बाजूला चांगलाच लोंबत होता. सून माझ्याकडे बघून 'नको' अशी मान हलवत होती.

"नाही आबा," मी म्हणाले. "उजवीकडे उतरलाय. चार बोटं."

सुनेने माझा रिकामा कप उचलला आणि ती आत निघून गेली.

"चार?"

"चार."

"तरीच," आबा म्हणाले. "विचारलं की घरातली सगळी एका दमात व्हय म्हणत्यात. एवढ्या झटक्यात कुणाला दिसतंय व्हय."

त्यांनी हाताने चौकट शोधली. मी दारातून सांगत गेले, ते सरकवत गेले. "वर. अजून थोडं. बास." हात काढून घ्यायला त्यांना वेळ लागला. अंगठ्याने काच पुसत ते उभे राहिले.

"आता कुटं बघतीया ती?"

मी नीट बघून घेतलं. "दाराकडे. बाहेर, अंगणात."

"मंग जरा बाजूला व्हा."

मी दारातून बाजूला झाले.