आधी मावशी जाऊन येईल

"मावशी, आधी तुम्ही जाऊन या. तुम्हाला कोणी काही करणार नाही."

साहेब असं म्हणाले तेव्हा आम्ही अबुधाबीच्या बाहेर, वाळवंटात भरणाऱ्या हिवाळ्याच्या मेळ्यात उभे होतो. समोर गालिच्यावर अरबांचा घोळका बसला होता. अंगात पांढरे पायघोळ कंदुरे, छातीवर काडतुसांचे पट्टे, कुणाच्या मांडीवर बंदूक, कुणाच्या खांद्याला टेकलेली. थोड्या वेळापूर्वी हेच लोक ढोलाच्या तालावर रांगेत नाचत होते आणि तरणी पोरं बंदुका हवेत फेकून झेलत होती. साहेबांच्या अनयाला त्यांच्याबरोबर फोटो हवा होता. अनया आठ वर्षांची.

तुम्हाला कोणी काही करणार नाही. मग स्वतः का नाही गेलात? हे तेव्हा मला सुचलं नाही. पोरीला सुचलं.

"डॅडी, व्हॉट इफ दे शूट मावशी?"

साहेब हसले. "कोणी शूट नाही करत गं."

"देन यू गो."

तिच्या आईनं, वहिनींनी, तिचा हात ओढला. "मावशी जातायत ना. शी डझन्ट माइंड."

एवढं इंग्रजी मला कळतं. मला चालतं, हे वहिनींनीच ठरवून टाकलं होतं. आणि मी गेले. नाही म्हणता आलं असतं, पण व्हिसा साहेबांच्या हातात. गावी मुलगी नर्सिंगला, नवरा नाही. तिचं शिक्षण माझ्या या एका घरकामाच्या नोकरीवर चाललेलं. अशी बाई नाही म्हणत नाही.

वाळूत पाय रुतत होते. बंदुका जवळ येत होत्या आणि मला आबा आठवत होते, माझे वडील.

आमच्या गावच्या मालकांकडे बाराबोअरची बंदूक होती. ते डुकरांच्या शिकारीला निघाले की आमच्या वस्तीतल्या माणसांना बोलावणं यायचं. उसात शिरायचं, डबे वाजवायचे, ओरडायचं, डुकरं बाहेर हाकायची. बंदूक बांधावर, माणसं उसात. एकदा आबांच्या पोटरीत छर्रे घुसले. "चुकून लागलं," मालक म्हणाले. आईनं हळद भरली. दोन छर्रे आतच राहिले. थंडीत पाय ठणकला की आबा म्हणायचे, "मालकांची आठवण आली." हसून म्हणायचे. आम्ही पोरंपण हसायचो.

आमच्या घराण्याला पुढे जायचा मान फार जुना.

मी जवळ गेले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला येताना पाहिलं आणि मांडीवरची बंदूक उचलून पाठीमागे ठेवली. बाई येतेय म्हणून. बाकी काही केलं नाही. मला एकदम रडू आलं.

"आओ बहन," तो म्हणाला. इथल्या म्हाताऱ्या अरबांना आपली मोडकी हिंदी येते. "क्या चाहिए?"

"बच्ची को फोटो," मी म्हणाले आणि कडेला वाळूतच टेकले.

"उधर नहीं. इधर बैठो, ऊपर. पहले गहवा, बाद में फोटो."

गालिच्यावर बसले. एका तरण्या पोरानं पितळी सुरईतून छोट्या, बिनदांडीच्या कपात पिवळसर कॉफी ओतली. वेलदोड्याचा वास. प्यायले. त्यानं परत भरला. पुरे झालं की कप हातात हलवायचा, हे म्हाताऱ्यानं करून दाखवलं. मी हलवला. मग तोच कप भरून शेजारच्या माणसाकडे गेला, तो प्यायला, त्यानं हलवला. त्या लोकांची पद्धतच तशी. दोनतीन कपांत सगळी बैठक.

दुबईत, करामाला साहेबांच्या घरी माझा कप वेगळा आहे. सिंकखाली, फिनाइलच्या बाटलीशेजारी, दांडी उडालेला. पहिल्या दिवशी वहिनींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून हायजीन म्हणून कप वेगळा झाला. पोळ्या मी लाटते, कोशिंबिरीत हात माझा, तेव्हा हायजीन कुठे जातं कोण जाणे. बोलताना मात्र मावशी म्हणतात, अहोजाहो करतात. त्यामुळे मलाही ते बरीच वर्षं अपमानासारखं वाटलं नाही. सवय झाली होती.

मी हात केला तशी मंडळी आली. आता साहेब पुढे. "सलाम आलेकुम, हबीबी," करत सगळ्यांशी हात मिळवले. त्या पोरानं कप घेतला, भरला आणि वहिनींपुढे धरला.

त्यातून मी प्यायलेलं वहिनींनी लांबून पाहिलं होतं. त्यांनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नो, नो. मेरा फास्ट है. उपवास."

"बट ममा, यू जस्ट हॅड लुगेमात," अनया म्हणाली.

खजुराच्या पाकातले ते तळलेले गोळे वहिनींनी मघाशी प्लेटभर खाल्ले होते. बोटं अजून चिकट होती त्यांची. पोरानं कप साहेबांपुढे केला. साहेबांनी छातीवर हात ठेवला. डॉक्टरनी कॉफी बंद केलीय म्हणाले. सकाळी दोनदा करून दिली होती मी.

म्हाताऱ्यानं तो कप घेतला आणि स्वतः पिऊन टाकला.

बंदुकांना ते घाबरले नव्हते एवढे त्या कपाला घाबरले. हे मला तिथे, भर उजेडात दिसलं, आणि आतून काहीतरी तुटलं. मी भोळी नाही. या अरबांच्या घरीही माझ्यासारख्या बायका राबतात, त्यांचं काय होतं ते मी बसमध्ये त्यांच्याच तोंडून ऐकलंय. म्हातारा देव नव्हता. दारात पाहुणी आली, तिला कॉफी दिली, एवढंच. पण तेवढंही माझ्या भाषेच्या माणसांना जमलं नव्हतं.

फोटो झाला. तो मीच काढला. मग अनयाला बंदूक हातात धरून फोटो हवा झाला. ज्याची बंदूक छान होती तो गडी बाजूला एकटा उभा होता, दाढीवाला, कपाळाला आठ्या.

"मावशी, त्याला विचारा जरा," साहेब म्हणाले.

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही विचारा. मी जाणार नाही."

"अहो, नुसतं विचारायचं तर आहे."

"म्हणूनच म्हणते. नुसतं विचारायचं तर आहे."

साहेब त्या माणसाकडे बघत राहिले. करामाला कुणाचंही ऐकून न घेणारा माणूस, पण पाय हलेना. अनया एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. "खलास, उशीर झालाय," असं म्हणून ते गाडीकडे वळले. पोर रडत निघाली. परतीच्या वाटेवर ती नेहमी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपते. त्या दिवशी खिडकीला टेकून झोपली. तिच्या वेण्या मी घालते, तिची आजारपणं मी काढली. ते मला फार लागलं, अजून लागतंय.

सकाळी चहा केला. काचेच्या सेटमधला एक कप घेतला, माझा चहा ओतला आणि डायनिंग टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"मावशी, हे काय?" वहिनी म्हणाल्या. "तुमचा कप आहे ना खाली?"

"आहे. फिनाइल मापायला ठेवलाय."

वहिनींनी सिंकखालचं दार उघडून बघितलं, परत लावलं. मग म्हणाल्या, "तुमचा व्हिसा आमच्याकडे आहे, विसरू नका."

"विसरले नाही. कॅन्सल करा."

मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग माझं कसं?" तिच्या फीची पुढची तारीख विचारून मी फोन ठेवला. तिचा तो प्रश्न मला सोसत नाही.

काम शोधेन. इथे नाहीतर तिकडे. भांडी घासेन, लाद्या पुसेन, त्याची लाज नाही. पण ज्याला भीती वाटते त्यानं स्वतःच्या पायानं जावं. मी कुणाच्या पुढे चालणार नाही, आणि माझी मुलगीही चालणार नाही. आबांनी ते दोन छर्रे जन्मभर हसून वागवले. मी आता हसणार नाही.