लाल गाडीची लाल दारं

आयुष्यातलं पहिलं पत्रक मी एका प्लास्टिकच्या मोटारीविरुद्ध काढलं. त्यात दिलेलं एकूणएक माप खरं होतं, आणि त्या पत्रकामुळे माझ्या सख्ख्या आत्याच्या घरचं काम बंद पडलं. हे आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत दाबून ठेवून वाचणाऱ्याला फसवणं मला पटत नाही. पत्रक फसवणुकीविरुद्धच होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंबरनाथला राहायचो, बाबा कारखान्यात फिटर होते. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि विहारातल्या मंडळाची पत्रकं स्टेन्सिलवर उतरवून द्यायचे. नळाला पाणी नाही, रस्त्याला दिवा नाही, असले विषय. मजकूर मंडळाची मुलं सांगायची आणि मी लिहायचे, कारण माझं अक्षर चांगलं. म्हणजे विचार त्यांचे आणि अक्षर माझं. या वाटणीचा मला भयंकर राग होता. स्वतःच्या विषयावर एक तरी पत्रक काढायचंच, असं मी ठरवून बसले होते. फक्त अन्याय सापडत नव्हता.

तो उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात सापडला. खेळण्यांच्या दुकानात एक डबा दिसला. वर परदेशी गाडीचं झकास चित्र, आत सुटे भाग, आपण जोडायचे. डब्यावर लिहिलेलं, ‘एकास चोवीस प्रमाण! हुबेहूब! प्रत्येक भाग अचूक बसतो!’

दुकानदार म्हणाला, “बेबी, भातुकली उस साइड को.”

“मला गाडी हवीय.”

“भाई के लिए?”

“माझ्यासाठी.”

त्यानं डबा असा दिला, जसं काही मी सिगारेटचं पाकीट मागितलं होतं.

घरी येऊन जोडायला बसले. लाल बॉडी, काळी सीट, चार चाकं, दोन लाल दारं. सीट बसली, चाकं बसली, दारं काही बसेनात. खाच लहान आणि दार मोठं. मी बाबांची कानस घेतली. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “घासू नकोस. आधी मोज.”

आमच्या घरात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचा चिमटा, कपाटात चांगल्या साड्यांच्या शेजारी असायचा. मापाला आमच्याकडे तेवढा मान. मोजलं. दार एक्केचाळीस मिलिमीटर, खाच चाळीस. मी दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक डबा आणला. हा पिवळा निघाला. पिवळ्या बॉडीला पिवळी दारं. ती लावायला गेले तर खाचेत थांबेचनात. खाच मोठी आणि दार लहान. दोन्ही दारं आत पडली आणि सीटवर जाऊन बसली.

आता काय करावं म्हणून मी लाल गाडीचं दार पिवळ्या गाडीला लावून पाहिलं. टक्. बसलं. पिवळं दार लाल गाडीला लावलं. टक्. तेही बसलं.

मी उठून उभी राहिले. मला सगळा कट उलगडला होता. एका डब्याची दारं त्या डब्याला मुद्दाम बसू द्यायची नाहीत, म्हणजे गिऱ्हाइकानं झक मारत दुसरा डबा घ्यावा! आणि मी नेमका घेतला होता!

बाबा म्हणाले, “कट कशाला करतील? काहीतरी घोळ झाला असेल.”

“बाबा, तुम्हाला भांडवलदार कळतच नाही.”

पुराव्याला बळकटी हवी होती. शेजारचे काका आखातात नोकरीला होते. त्यांनी याच गाडीचा जपानी संच आणून, जोडून टीव्हीवर ठेवला होता. डब्यावरचं चित्र आणि ती गाडी तंतोतंत एक. मी व्हर्निअर घेऊन गेले. काकू हातात फडकं घेऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या, जणू मी गाडीला इंजेक्शन देणार होते.

“लागेल बाई त्या चिमट्यानं.”

“काकू, हे लोकांच्या हिताचं आहे.”

“लोकांच्या टीव्हीवर कर ना मग.”

जपानी गाडी सगळ्यात लांब भरली. आमची पिवळी तिच्याहून थोडी कमी, लाल आणखी कमी. तिन्ही म्हणे एकास चोवीस, खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा! मी विजयी चेहऱ्यानं घरी येऊन आकडे वाचून दाखवले. बाबांनी विचारलं, “आणि खरी गाडी किती लांब आहे?”

खरी गाडी अंबरनाथात कुणी पाहिलीच नव्हती. आमच्याकडे डॉक्टरांची एक खटारा गाडी होती, तिला ढकलायला पेशंट उतरायचे. म्हणजे हुबेहूब कशाच्या, हे सांगायला साक्षीदार नव्हता. हा मुद्दा मी पत्रकातून गाळला. चळवळीत इतकं चालतं असं मला तेव्हा वाटायचं.

बाबा म्हणाले, “आमच्याकडे माल नापास करायच्या आधी मशीनवर बसलेल्याला बोलावतात. विचारतात, बाबा रे, काय झालं? तू बनवणाऱ्याला जाऊन विचार.”

“तो काय खरं सांगणार?”

“विचारल्याशिवाय कसं कळणार?”

मी विचारलं नाही. स्टेन्सिल कापायला बसले. मथळा होता, ‘एकास चोवीसचं थोतांड!’ खाली सगळी मापं, मग ‘आम्ही विचारतो, दार नसलेल्या गाडीतून आमच्या मुलांनी कुठे जायचं?’ आणि त्याखाली, ‘दोन डबे घ्यायला लावणाऱ्या या लुटीचा धिक्कार असो! दार बसत नसेल तर डबा परत करा!’ खाली सही म्हणून ‘जागृत ग्राहक मंच’. मंचात मी होते आणि माझी एक मैत्रीण होती, आणि मैत्रिणीला अजून सांगायचं होतं.

विहारातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर दोनशे प्रती निघाल्या. सणाच्या आधीच्या गर्दीत मी कॅम्प दोनच्या बाजारात उभं राहून त्या वाटल्या. लोकांनी घेतल्या, वाचल्या, आणि मंडळाच्या पाण्याच्या पत्रकाला वीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते झालं. लोकांनी ऐकलं! बायका डबे घेऊन दुकानांवर परत आल्या. दुकानदारांनी डबे कारखानदाराकडे परत पाठवले. मी आठवडाभर हवेत चालत होते.

दोन आठवड्यांनी रविवारी कॅम्प पाचवरून आत्या आली. आत्याचे यजमान वारल्यापासून तिचं घर पाकीटकामावर चालत होतं. कारखान्यातून माल गोण्यांनी घरी यायचा, आत्या चटईवर बसून तो पाकिटांत, डब्यांत भरायची, माल परत जायचा. कधी बांगड्या, कधी टिकल्या, कधी केसांच्या पिना. मी दर पंधरवड्याला तिच्याकडे जाऊन त्याच गोण्यांना टेकून चहा प्यायचे आणि श्रमिकांच्या प्रश्नावर बोलायचे. गोणीत काय आहे हे बघणं बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं.

“दादा, काम बंद झालं,” आत्या बाबांना म्हणाली. “पंधरा दिवस गोणी आली नाही. शेठ म्हणतो, आता हा माल बंदच करतो. दुसरा माल त्यानं दुसऱ्या बायकांना वाटून टाकलाय. मी काय करू?”

“काय माल होता?” बाबांनी विचारलं.

“प्लास्टिकच्या मोटारी. चांगलं चाललं होतं. कुणा शिकलेल्या गाढवानं हा कागद वाटला.”

तिनं पिशवीतून घडी केलेलं पत्रक काढलं आणि मोठ्यानं वाचलं. मथळ्यापासून धिक्कारापर्यंत. माझं लिखाण मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होते आणि अशा वेळीसुद्धा, खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटलं.

वाचून झाल्यावर आत्या म्हणाली, “मेल्याचं अक्षर मात्र मोत्यासारखं आहे.”

बाबा माझ्याकडे बघत होते. “ओळखीचं वाटत नाही?” त्यांनी विचारलं.

आत्यानं कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कागदाकडे. मग हातातला कप खाली ठेवला.

“तू?”

“आत्या, मला माहीत नव्हतं की तूच...”

“माझ्या घरी येऊन चहा पितेस. गोणीवर पाय टाकून बसतेस. एकदा विचारलं असतंस, आत्या, हे काय भरतेस, तर जीभ झडली असती?”



बाबांनी शर्ट चढवला. “चला. शेठकडे.”

कारखाना म्हणजे कॅम्प दोनच्या गल्लीतली एक खोली. हातानं दांडा ओढायचं मशीन, आणि भिंतीला परत आलेल्या डब्यांची छतापर्यंत चळत. शेठ बनियनवर, चष्मा कपाळावर. बाबांनी माझी ओळख करून दिली. शेठनं चष्मा डोळ्यांवर आणून मला नीट पाहिलं.

“तू वो कागदवाली? अक्षर बहुत अच्छा है.”

“दार का बसत नाही ते सांगा!” मी म्हणाले.

“मलाच कळत नाही ना! इथे बसतं, तिकडे जाऊन बसत नाही.” त्यानं चष्मा परत कपाळावर सारला आणि दोन लोखंडी साचे टेबलावर ठेवले. “हे बघ. पहला डाय मैंने जपानी गाडीवरून काढला. गरम माल थंड झाला की आवळतो, तो गाडी छोटी निघाली. फिर दुसरा डाय बनवला, थोडा मोठा.”

“मग पहिला फेकून का दिला नाही?”

शेठ आणि बाबा दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

“डाय फेकत नाहीत,” बाबा म्हणाले.

“बोलो इसको,” शेठ म्हणाला. त्या क्षणापासून ते दोघं एका पक्षात गेले.

“पहिल्या डायची बॉडी लाल, त्याची दारं पिवळी,” शेठ सांगू लागला. “त्या दिवशी जो प्लास्टिकचा दाणा स्वस्त मिळाला तो. दुसऱ्या डायची बॉडी पिवळी, दारं लाल. एका डायचा माल एका गोणीत, दुसऱ्याचा दुसऱ्या. ज्या गोणीतलं त्या गोणीतलंच डब्यात. चुकायला जागाच कुठे आहे?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या शेठकडे बघत होती.

“लाल गाडीला पिवळं दार?” ती म्हणाली.

“हां.”

“आणि पिवळ्या गाडीला लाल?”

“हां बाई.”

“ठिगळ लावल्यासारखं?”

शेठनं चळतीतला एक डबा ओढून उघडला. त्याला कळायला लागलं होतं.

“मी सगळ्या गोण्या चटईवर ओतल्या,” आत्या म्हणाली. “लालला लाल, पिवळ्याला पिवळं, एकेक रंग वेगळा काढून लावला. डोळे गेले माझे. अहो शेठ, सहा वर्षं बांगड्या भरल्या रंग लावून, टिकल्या भरल्या रंग लावून. तेव्हा म्हणायचात, बाईचा हात चांगला आहे. आता गोणी पाठवलीत, तर सांगायचं ना, हिच्यात रंग बघायचा नाही म्हणून! मला वाटलं, तुमच्या मशीनवर बसलेल्यानं घोळ घातला आणि मी निस्तरतेय.”

माझा सगळा भांडवलशाही कट आत्यानं चटईवर बसून, डोळे फोडून, नेटकेपणानं रचला होता. शेठनं कपाळावर हात मारला, तो चष्म्यावर बसला.

“मैंने बताया नहीं,” तो म्हणाला.

“मी विचारलं नाही,” आत्या म्हणाली.

मीही विचारलं नव्हतं, पण ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

“मी दुसरं पत्रक काढते,” मी म्हणाले. “खुलाशाचं.”

शेठनं हात जोडले. “नको बेटा. एक पुरे.”

बाबांनी सरळ उपाय सांगितला. डबे उघडा, दारं बदला, पुन्हा भरा. तो रविवार गेला, पुढचाही गेला. कॅम्प पाचला आत्याच्या खोलीत मी आणि बाबा दारं बदलत होतो आणि आत्या डबे बंद करत होती, पण मान दुसरीकडे वळवून. तिला बघवत नव्हतं. “दिसतंय कसं ते,” एवढंच अधूनमधून म्हणायची.

दुकानदारांना पटवायचं काम माझ्यावर आलं, कारण बिघडवलं मी होतं. मी जोडलेली गाडी घेऊन त्याच दुकानात गेले. दार उघडलं, लावलं. टक्. दुकानदारानं स्वतः दहा वेळा टक् करून पाहिलं.

“फिट तो है,” तो म्हणाला. “पण ही काय शकल? लाल गाडी, पिवळं दार. कोण घेणार? वो पहलेवालाच माल चांगला दिसत होता. सब एक रंग. तो दे.”

“त्याची दारं बसत नव्हती!”

“दार कौन देखता है, बेबी? डब्बा देखते हैं.”

इतका राग मला भांडवलदाराचाही आला नव्हता. पण आत्याची चूल थांबली होती, आणि दुकानदार डबा घेत नव्हता, आणि सत्य माझ्या बाजूनं असून त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. मी शेठकडे गेले आणि दुकानदार काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. माझं मत विचारलं गेलं नाही, मी दिलं नाही. हे माझ्या आयुष्यात फार कमी वेळा घडलंय.

शेठनं विचार केला, मशीनकडे बघितलं, परत विचार केला. मग ओळखीच्या सायकलवाल्याला कॅम्प पाचला पाठवलं. निरोप असा, बाईला विचार, नवा दाणा चढवतोय, एका वेळी एकाच डायची गोणी पाठवीन, गाडी कुठल्या रंगाची करू?

मी तेव्हा आत्याकडेच होते. सायकलवाला दारात उभा. खोलीत महिन्याभरानं पहिल्यांदा नव्या गोणीचं बोलणं निघालं होतं. आत्यानं पदर सावरला, घाई केली नाही.

“निळा सांग,” ती म्हणाली.

“आणि शेठ म्हणाला, दारांचं पण विचार.”

“दारांचं काय विचारायचं?” आत्या म्हणाली, आणि चटई झटकायला उठली.