सत्तावीस नंबरचा खेकडा

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नव्वदच्या दशकात घणसोलीच्या खाडीत एका खेकड्याने दोन होतकरू संशोधकांची कारकीर्द संपवली. त्यातला एक संशोधक म्हणजे प्रस्तुत लेखक. तरी सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं...

झालं? बसा आता.

आधीच सांगून ठेवतो — भूत, चकवा, भानामती, माझा कशावरही विश्वास नव्हता. अहो, मी उत्क्रांतीवर पीएचडी करत होतो! जे मोजता येत नाही ते अस्तित्वातच नाही, असं मी लग्नाच्या पंगतीत बसूनसुद्धा लोकांना ऐकवायचो. लोक मला आग्रह करायचे नाहीत.

आता जागा नीट समजून घ्या. घणसोली गावाच्या मागे बांध, बांधापलीकडे तिवरांची झाडी, आणि झाडीपलीकडे ओहोटीला उघडा पडणारा खाडीचा चिखल. त्या चिखलात बोटाच्या पेराएवढे खेकडे राहतात. नराची एक नांगी जवळजवळ उरलेल्या अंगाएवढी मोठी. ती हलवून हलवून तो माद्यांना बोलावतो. माझा लॅबमधला जोडीदार दिगंबर — आमचा दिगू — या नांग्यांवर काम करत होता. मोठ्या नांगीवाल्याचं बीळ जास्त टिकतं का, त्याला माद्या जास्त मिळतात का, वगैरे.

पद्धत साधी. खेकडा पकडायचा, पाठीवर नेलपॉलिशने नंबर घालायचा, बिळाशेजारी त्याच नंबरची बांबूची खुंटी ठोकायची. मग दर पंधरा दिवसांनी जाऊन प्रत्येकाची हजेरी घ्यायची. खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो, त्याबरोबर नंबरही जातो. मग तो खेकडा रजिस्टरमधून बाद, त्याच्या जागी नवा. एवढं लक्षात ठेवा, पुढे मला थांबायला वेळ नाही.

आमचे गाईड म्हणजे नुसते ‘सर’. एका मुलीचा आख्खा चॅप्टर त्यांनी तिच्यासमोर वाचला आणि मग एकेक पान खिडकीबाहेर सोडलं. ती खाली जाऊन पानं गोळा करत होती आणि हे वरून पान नंबर सांगत होते. दिगूचे वडील वाशीच्या एपीएमसीत, कांदा मार्केटला माथाडी. सर दिगूला सगळ्यांसमोर विचारायचे, “वडिलांना पोती बरोबर मोजता येतात ना रे? मग हे तुझ्यातच कुठून आलं?” आम्ही हसायचो. मी सगळ्यात मोठ्याने.

त्या वर्षी एका कॉलेजात लेक्चररची जागा निघायची होती. एकच. सर ज्याच्या सिनॉप्सिसवर, म्हणजे प्रबंधाच्या सारांशावर, आधी सही करतील त्याला ती मिळणार, हे शिपायालाही माहीत होतं. उमेदवार दोन, दिगू आणि मी. दिगूच्या वडिलांचा खांदा कामातून गेला होता. पोराला नोकरी लागली की मार्केट सोडायचं, म्हणून ते कसेबसे रेटत होते. माझ्या घरी असलं काही नव्हतं. मला नुसती जागा हवी होती.

आणि नेमका दिगूला मलेरिया झाला. सरांना कळवलं तर म्हणाले, “एक फेरी चुकली की सगळा डेटा भेळवाल्याला. ठरव तू.”

मी कोपरखैरण्याला त्याच्या दोन खोल्यांत गेलो. दिगू खाटेवर, अंगावर आईची तपकिरी शाल, दात वाजतायत.

“तू जाशील का रे माझ्याऐवजी?” तो म्हणाला.

“अरे वेड्या, जायचं कशाला? लिहून टाकू.”

“आणि सरांना कळलं तर?”

“खेकडे सांगायला येणारेत का?”

अक्षर त्याचं हवं म्हणून मी सांगायचो आणि तो थरथरत लिहायचा. मला तर भलताच चेव आला. चौदा नंबर, रंग अर्धा उडालेला. एकोणीस नंबर, मागचा पाय नाही. त्याची आई मध्येच म्हणाली, “आरं बाबा, त्येला कशाला लिवाय लावतुयास? आंग बघ कसं भाजतंय त्येचं.” मी म्हटलं, “झालंच हो मावशी, एकच राहिलाय.”

तो एकच म्हणजे सत्तावीस. मी सांगितलं, “सत्तावीस नंबर, मोठी नांगी तुटलेली, जागेवर नवी छोटी नांगी आलेली. नंबर स्पष्ट.”

आता हे अशक्य आहे. नवी नांगी बाहेर पडते ती कवच टाकतानाच, आणि कवच गेलं की नंबर गेला. नंबरही आहे आणि नवी नांगीही आहे, असा खेकडा देवाने बनवलेला नाही. शुद्धीत असता तर दिगूने मला चप्पल फेकून मारली असती. तापात त्याने निमूट लिहिलं.

चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये मी सरांना म्हटलं, “सर, दिगूची सत्तावीस नंबरची नोंद बघितलीत? फार सुंदर आहे.” बास, एवढंच! सरांनी नोंद वाचली आणि चष्मा काढून पुसला. कुणाचा बळी घ्यायचा असला की ते आधी चष्मा पुसत.

त्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या ओहोटीला, आम्ही चौघे खाडीत उतरलो. गमबूट घातलेले सर, पिवळा पडलेला दिगू, मी, आणि नेहमी खेकडे पकडून देणारे गावातले हिराजीकाका. सरांनी पहिल्यांदा काकांनाच विचारलं, “मागच्या फेरीला हा आला होता का?”

दिगूने डोळे मिटले.

“आलता ना सायेब,” काका म्हणाले. “लांबून बगला मी. शाल गुंडालून बसलावता, कुडकुडत. तपकिरी शाल.”

म्हातारा पोराला वाचवतोय, मला वाटलं. कौतुकही वाटलं. शालीचा रंग त्याला कुठून कळला, हा विचार तेव्हा डोक्यातच आला नाही.

“वाच,” सर म्हणाले.

“चौदा नंबर... रंग अर्धा उडालेला.”

काकांनी बिळात बोटं घातली, खेकडा काढून सरांच्या तळहातावर ठेवला. रंग अर्धा उडालेला.

“एकोणीस. मागचा पाय नाही.”

पाय नव्हता.

योगायोग म्हणाल. मीही म्हटलं. दोन, तीन... मग सहावा, नववा. एकही चुकला नाही. मी जे जे गंमत म्हणून तोंडाला येईल ते बोललो होतो, ते ते चिखलातून बाहेर येत होतं. दिगूचा आवाज वाचता वाचता बारीक होत चालला.

“सत्तावीस,” सर स्वतःच म्हणाले आणि परत चष्मा पुसायला लागले.

काकांनी खेकडा काढला. पाठीवर लाल रंगात, दिगूच्या अक्षरात, स्पष्ट २७. आणि मोठ्या नांगीच्या जागी एक नवीकोरी, तांदळाच्या दाण्याएवढी नांगी. ती तो हलवत होता. आमच्याकडे बघून.

सरांच्या डोळ्यांत राग शोधला, सापडला नाही. हाव दिसली. “कवच न टाकता नांगी...” ते पुटपुटले. “हे जगात कुणी पाहिलेलं नाही. हा माझा पेपर... आपला पेपर!” त्यांनी दिगूच्या खांद्यावर चक्क हात ठेवला. “दिगंबर, उद्या सिनॉप्सिस घेऊन ये. सही करतो.”

म्हणजे बघा, दिगू सुटला होता! नोकरी त्याची, वडील मार्केटमधून मोकळे. त्याने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. गडबडीत तो खेकडा सरांच्या हातातून सुटून बिळात गेला. हातभर खणलं, बीळ रिकामं. आम्हा दोघांना सरांनी त्याच आठवड्यात काढलं. मी औषधं विकत डॉक्टरांचे जिने चढलो. दिगू कांदा मार्केटला वडिलांच्या टोळीत पोती उचलायला लागला, वडिलांच्याच शेजारी. अजून कधी वाशीत भेटला तर मला चहा पाजतो आणि मी पितोही. दोघांपैकी कुणी विषय काढत नाही.

तापात तो उठून खाडीवर गेला असेल, असं सांगू नका. ताप उतरेपर्यंत त्याची आई उशाशी होती. कुणीतरी खेकडे रंगवले म्हणाल, तर रंग लावता येतो, नांगी कशी उगवणार? पुस्तकं चाळली, जाणकारांना विचारलं, इतकी वर्षं डोकं खाजवलं. उत्तर नाही. आजही नाही.

माझ्याकडे आहे ते एवढंच — गुडघाभर चिखलात उभा असलेला, भीतीने पांढराफटक पडलेला दिगू. सरांचा हात त्याच्या खांद्यावर. आणि माझ्याकडे बोट रोखून तो आख्ख्या खाडीला ऐकू जाईल असा ओरडला,

“सर, हा खेकडा नाहीचे! हा ह्याने माझ्या खाटेवर बसून बनवलाय!”