घरचीच ओळ

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या, अक्कांच्या, बोटांना न्हावरे गावात मान होता. कुणाच्या म्हशीची कास जराशी कडक लागली की अक्कांना बोलावणं यायचं. अक्का कासेवरून दोन बोटं फिरवायच्या आणि सांगायच्या, "दगडी हुतीया. आजच डॉक्टर आणा, उद्यावर ढकलू नगा." त्यांचं कधी चुकलं नाही.

मी गावची आशा सेविका. एका हिवाळ्यात आम्हाला काम आलं: तिशीच्या वरच्या प्रत्येक बाईला छातीत गाठ आहे का विचारायचं आणि रजिस्टरात लिहायचं. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "अगं बया, हे काय इचारतीस!" पण मी हट्टी. गाठ सुरुवातीला दुखत नाही, तिथंच तर बाई फसते, हे सांगून सांगून घसा कोरडा केला. दोघींना तर हाताला धरून शिरूरला नेलं. साध्या गाठी निघाल्या.

आणि आमच्या घराची ओळ मी पायरीवर बसून स्वतःच भरली. अंगण एक, चुली दोन. अक्कांच्या नावापुढं "नाही" लिहिलं. थोरल्या जावेला असलं कसं विचारायचं? जिच्यापुढं मी अजून पदर सावरून उभी राहते, तिला? शिवाय जिला म्हशीची कास कळते तिला स्वतःची गाठ कळणार नाही का, असा माझा शहाणपणा. जळो तो शहाणपणा!

दीड वर्षानं अक्कांच्या अंगाला वास यायला लागला. हळद भरून, झंपराच्या आत जुन्या लुगड्याची घडी ठेवून त्या धारा काढत होत्या. मी ती घडी बाजूला केली तर गाठ फुटून चिघळली होती.

पुण्याला नेलं. तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काखेत गेलंय, हाडातही गेलंय, आता त्रास तेवढा कमी करता येईल. मग जरा रागानंच म्हणाल्या, "तुमच्याकडच्या बायका अशाच येतात, फुटल्यावर. गाठ कधीपासून होती?"

"आमची तांबडी गाय व्याली तवापास्नं," अक्का म्हणाल्या. "हरभऱ्याएवढी हुती. दुखत नव्हती."

तांबडी व्याली दिवाळीत. मी रजिस्टर घेऊन फिरले ती त्यानंतरच्या पौषात. म्हणजे मी "नाही" लिहिलं त्या दिवशी गाठ तिथंच होती.

परतीच्या एसटीत मी त्यांच्यावर चिडले. हो, चिडलेच. डोळे भरलेले आणि तोंड सुटलेलं. "अक्का, म्हशीचं दुखणं तुम्ही एक दिस ढकलू देत न्हाई, आन् स्वतःचं एवढं दडवलंत? एका शब्दानं सांगायचं की वो मला!"

यवत मागं पडलं. मग अक्का माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "आपनहून सांगायला माझं तोंड उघडंना गं. तू समद्यांच्या दारात बसत बसत येत हुतीस, दिसत हुतं मला. म्हनलं, आता माझ्याकडं येशील, इचारशील, तवा सांगंन. चहाचं आधण बी ठेवलं हुतं. तू पायरीवरच लिवलंस आन् वही मिटलीस."