नळ सोडा, मग बोला

हंसा पागधरे नवापूरची. बोईसरच्या आमच्या इंग्रजी शाळेत तिला मुलींच्या बाथरूमवर नेमलं होतं. दाराशी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर ती दिवसभर बसायची. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. सरकारने मराठी सक्तीची केली म्हणून मला ठेवलं आहे, नाहीतर तिथे फळ्यावर तारीख लिहायलासुद्धा मराठी लागत नाही.

हंसामावशीला देवाने आधी आवाज दिला आणि मग उरलेली बाई त्याला जोडली. नवापूरच्या किनाऱ्यावर समोर समुद्र आणि वर वारा. काठ्यांवर बोंबील वाळत घालताना जावेशी दोन शब्द बोलायचे तरी ओरडावं लागतं. हळू बोलणाऱ्या बाईला तिथे आजारी समजतात. मावशीने कित्येक वर्षं होडीवरून उतरलेल्या मासळीचा लिलाव पुकारला. असं तोंडाचं काम सोडून ती आमच्या स्टुलावर आली ती नातीसाठी. शाळेत काम करणाऱ्याच्या घरच्या एका मुलाला फी माफ होती. मावशीचा मुलगा निमेश कारखान्यात कंत्राटावर होता. त्याच्या साहेबाला इंग्रजी यायचं आणि निमेशला यायचं नाही, एवढं कारण त्याला पुरे होतं. त्याची मुलगी रुचिता पहिलीत दाखल झाली आणि मावशी स्टुलावर.

आमचे संचालक दर्पण सर. शाळेच्या फाटकाच्या आत फक्त इंग्रजी, हा त्यांचा नियम. जो दुसऱ्या भाषेत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात पिवळं कार्ड. मग त्याने डोळ्यांत तेल घालून फिरायचं, दुसऱ्या कुणाला पकडायचं आणि कार्ड त्याच्या गळ्यात घालायचं. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ते राहील, तो दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभा. यातून मुलांचं इंग्रजी किती सुधारलं ते मला सांगता येणार नाही. पाळत ठेवायला मात्र मुलं उत्तम शिकली.

नियम कर्मचाऱ्यांनाही होता. मावशीला तीन वाक्यं पाठ करून दिली होती. 'कम', 'गो' आणि 'वॉश युअर हँड्स'. मावशी ती लिलावाच्या आवाजात म्हणायची. एकदा तिचं 'वॉश युअर हँड्स' ऐकून वरच्या मजल्यावरच्या दहावीच्या वर्गातली मुलं उठली आणि हात धुऊन आली.

रुचिता शाळेत आली तेव्हा आजीची नात शोभायची. खाडीत सापडलेल्या चिंबोरीने आजोबांचं बोट नांगीत कसं धरलं, ही गोष्ट तिने मला पहिल्याच दिवशी सांगितली आणि पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात कार्ड आलं. त्यानंतर तिने सोपा उपाय केला. ती बोलेनाशी झाली. वर्गशिक्षिकेने शेरा दिला, 'अतिशय शिस्तप्रिय मुलगी.' दिवाळीच्या सुट्टीनंतर मावशीने मला जिन्याखाली गाठलं. तिथे आवाज घुमतो म्हणून तिने माझ्या कानाशी तोंड आणलं, त्यामुळे कान दुपारपर्यंत दुखत होता.

"बाई, पोर आता घरात पन बोलत नाय. आजोबा हाका मारतात, तरी मान हालवते फक्त. आमच्या घरात मुका मानूस कधी जन्मला नाय ओ."

मी म्हटलं, होईल सवय. ती म्हणाली, "तीच तर झाली."

काय करावं ते मला सुचलं नाही. मावशीला सुचलं. रुचिता एकदा बाथरूममध्ये आली, रडत होती. मावशीने दार लोटलं. आता नातीशी बोलायचं कसं? हळू बोलणं मावशीला जमत नव्हतं, तो अवयवच तिला नव्हता. मग तिने बेसिनचा नळ पूर्ण सोडला. पाण्याचा आवाज सुरू झाला तशी तिला घरच्यासारखं वाटलं आणि तोंड मोकळं झालं. "बोल आता," ती म्हणाली, "समुद्राव हायेस असा समज."

आणि रुचिता बोलली. तेव्हापासून ती रोज बाथरूमला येऊ लागली, दिवसातून पुष्कळदा. मग तिच्या बाकावरची मुलगी आली. मग बाकीच्या आल्या.

मला हे कळलं ते शिक्षिकांच्या बाथरूमची कडी अडकली होती त्या दिवशी. मी दार ढकललं तर आत नळ धो धो वाहत होता आणि बेसिनभोवती मुलींची जत्रा. सालवडच्या चाळीतली एकजण भोजपुरीत धाकट्या भावाच्या जन्माची हकिकत सांगत होती. दुसरी पडलेला दात दाखवत गुजरातीत बोलत होती. रुचिता हात नाचवत चिंबोरीची तीच गोष्ट सांगत होती. आता त्या चिंबोरीने आजोबांचा पायही धरला होता. मला पाहताच सगळ्या गप्प. मावशी स्टुलावरून उठली आणि माझ्याकडे बघून कडक आवाजात म्हणाली, "वॉश युअर हँड्स."

मी हात धुतले. मग म्हटलं, "मावशी, मी माकुणसारची. चिंबोऱ्या आमच्याकडे पन हायेत." त्यानंतर मीही अधूनमधून त्याच बाथरूमला जाऊ लागले. शिक्षिकांच्या बाथरूमची कडी दुरुस्त झाल्यावरसुद्धा.

पण पाणी लपत नाही. शाळेची टाकी दुपारच्या आतच रिकामी व्हायला लागली. टँकर मागवावा लागला. प्लंबर आला, त्याने सगळ्या पाइपांना कान लावून पाहिलं आणि "साहब, लीकेज तो कहीं नहीं है" असं सांगून गेला. तो बाहेरचा असल्यामुळे त्याला पिवळं कार्ड मिळालं नाही. त्याच सुमारास शिक्षिकांनी तक्रार केली की मुली तासातासाला बाथरूमला जातात. दर्पण सरांनी विचार केला आणि पालकांना पत्रक पाठवलं की मुलींमध्ये लघवीच्या विकाराची साथ आहे, तरी पाणी उकळून पाजावं. एक डॉक्टरीणबाईही बोलावल्या. त्यांनी सगळ्या मुली तपासल्या. मुली ठणठणीत होत्या. साथ आणखी वाढली.

शेवटी दर्पण सर स्वतः निघाले. बाथरूमपाशी आले तेव्हा आतून पाण्याचा आवाज येत होता आणि पाण्याच्या वर रुचिताचा. गोष्ट रंगात आली होती. सरांनी इंग्रजीत विचारलं, आत कोण बोलतंय? मावशी दारात आडवी उभी राहिली. मुलींचं बाथरूम, आणि पुरुषमाणूस दाराशी. तिने आपली तीन वाक्यं आठवून पाहिली आणि त्यांतलं बसेल ते निवडलं.

"गो," ती म्हणाली.

सर गेले. नियमात बसणारं वाक्य होतं. मात्र अर्ध्या तासाने आम्हा तिघींना ऑफिसात बोलावणं आलं. मावशीला, रुचिताला, आणि दुभाषी म्हणून मला. दर्पण सर डहाणूकडचे, त्यांना मराठी माझ्याइतकीच येते. तरी ते मावशीला इंग्रजीत विचारायचे, मी मराठीत सांगायचे, मावशी खिडक्या हलतील अशा आवाजात उत्तर द्यायची आणि सर मी त्याचं इंग्रजी करीपर्यंत शांत बसायचे. पिवळं कार्ड टेबलावर होतं.

सरांचं म्हणणं एवढंच होतं की मावशीला कामावरून कमी करावं लागेल आणि मग अर्थातच नातीची फीमाफीही जाईल. मी हे मराठीत सांगितलं. मावशीचा चेहरा उतरला. हे असं व्हावं म्हणून तिने मासळी सोडली नव्हती. निमेशला काय सांगायचं हे ती मनात जुळवत असणार. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. हे मी त्या एकाच वेळी पाहिलं, आणि मला दर्पण सरांचा इतका राग आला की टेबलावरचा काचेचा गोळा उचलावासा वाटला.

तेवढ्यात रुचिता पुढे झाली. हात मागे बांधून, प्रार्थनेला उभी राहतात तशी. आणि बारीक, स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, माय ग्रँडमदर विल नॉट टॉक. आय विल ऑल्सो नॉट टॉक. प्लीज."

सरांचा चेहरा फुलला. "एक्सलंट!" ते म्हणाले. एकही चूक नाही! पहिलीतली मुलगी, तीही कोळीवाड्यातली! नियमाचा हा परिणाम, असं त्यांनी मला बजावलं आणि ड्रॉवरमधून चॉकलेट काढून तिच्या हातात दिलं. या खेपेला माफ करू, असंही म्हणाले.

मावशी तर हरखून गेली होती. तिने माझा दंड धरला. "बोल्ली! बगा, इंग्लिश बोल्ली! एवढा मोठा बोल्ली! बाई, काय बोल्ली ओ ती?"

मी दुभाषी होते. मला सांगावं लागलं.

"ती म्हणाली, माझी आजी बोलणार नाही. मीसुद्धा बोलणार नाही."

मावशीने माझा दंड सोडला. मग तिने रुचिताच्या मुठीतलं चॉकलेट काढून टेबलावर, पिवळ्या कार्डाच्या शेजारी ठेवलं. माझ्याकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, हो, हळू, "सांगा त्यांना, आमी पोर बोलायला घातली होती शाळेत."

मी इंग्रजी करायला तोंड उघडलं, पण सरांनी हाताने थांबवलं. त्यांना कळलं होतं.

मावशीने नातीचा हात धरला आणि तिला म्हणाली, "कम."

त्या गेल्या, त्या पुन्हा शाळेत आल्या नाहीत. बाथरूमला आता दाबायचे नळ बसवले आहेत, हात काढला की बंद होणारे. मुली पाळ्या लावतात. एक दाबून धरते, बाकीच्या बोलतात.

निमेशने आईशी बोलणं टाकलं. इंग्रजीचं नुकसान केलंस, असं तो बायकोमार्फत कळवतो. मलाही कधी कधी वाटतं, तो अगदीच चुकीचा नाही. गेल्या रविवारी सालवडच्या बाजारात मावशी सुके बोंबील घेऊन बसली होती. मी रस्त्याच्या पलीकडे होते, तरी तिने मला तिथूनच बोलावलं. अख्खा बाजार वळून बघू लागला.

"बाई! रुचिताच्या गावच्या शाळंतना तक्रार आली!"

मी धास्तावले. रस्ता ओलांडून गेले आणि विचारलं, कसली तक्रार?

मावशीने पदर सावरला, इकडेतिकडे बघितलं, सगळे ऐकतायत याची खात्री केली आणि लिलावाच्या आवाजात सांगितलं, "पोर वर्गात लय बोलते!"